पाच पदार्थ

पारंपरिक आहाराने माणूस दीर्घायुषी कसा होतो, हे शिकायला ती लेकीला नवऱ्याकडे सोपवून परदेशी आली होती. शहाण्णव वर्षांच्या आजींकडे राहून त्यांच्या ताटातला कणन्कण वजनकाट्यावर तोलायची. परवा परतीचं विमान होतं. तिला घ्यायला विमानतळावर येताना घालायचा फ्रॉक लेकीने आजच चढवून व्हिडिओ कॉलवर दाखवला होता. इतक्यात आजींची सून हसत म्हणाली, "तू गेलीस की आमची चैन संपली! एरवी सासूबाईंचं एका भाजीवर भागतं. पाच पदार्थ तुझ्यासाठी!" ती चरकली. म्हणजे तोलला तो सगळा पाहुणचारच! गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण तिला कळलं होतं. तिकीट महिनाभर पुढे ढकलून, फोनवर लेकीची कशीबशी समजूत घालून ती स्वयंपाकघरात आली. "आजी, मी आता पाहुणी नाही. रोजचंच रांधा." आजींनी हुश्श केलं. "देव पावला! कंबर मोडली माझी. आधी भांडी घास."