केसालाही धक्का

स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही आणि निघालाय जगाचे केस कापायला, म्हणून अख्खी गल्ली त्या परदेशी न्हाव्याला टकलूशेठ म्हणायची. मायदेशी असताना तो भर दुकानात बोलून गेला होता, की आपल्या हुकूमशहाची मिशी डिंकानं चिकटवलेली आहे. एवढाच त्याचा राजद्रोह. तिथल्या कोठडीतून पळून तो इथं आला होता, आणि आता त्याला परत न्यायला खुद्द राजदूत इथल्या साहेबांच्या कचेरीत येऊन बसला होता.

साहेब मनानं फार हळवे. त्यांनी विचारलं, "परत पाठवलं तर याचे हाल तर नाही ना करणार?"

"छे छे, भलतंच काय!" राजदूत म्हणाला. "याच्या केसालाही धक्का लागणार नाही. शब्द आहे माझा."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी शिक्का उचलला. "घ्या टकलूशेठ, आणखी काय हवं तुम्हाला?"

टकलूशेठनं टोपी काढली आणि मान खाली वाकवली. टाळूभर डागण्यांचे वण होते.

"साहेब, मला पकडून नेलं तेव्हा माझ्या आईलाही यांनी हाच शब्द दिला होता. तेव्हा माझे केस खांद्यावर रुळायचे."

साहेबांनी राजदूताकडे पाहिलं. राजदूत गोड हसला.

"बघा, म्हणजे आता शब्द मोडायचा म्हटला तरी आम्हाला मोडता येणार नाही!"

"हो की," साहेब म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला.