आधी माझी लेक

जरा पुढच्या बाकावर सरकून बसा, मंडळी. आमच्या मेम्फिसच्या सिस्टर ओझेलाची गोष्ट सांगतो, शेवटपर्यंत ऐका.

"माझ्या पोरीची असली तपासणी?" पास्टर गेदर मुलांच्या दवाखान्यात गरजले. "सिस्टर, केतुराह पंधरा वर्षांची आहे. चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी असते!"

"गाणाऱ्या पोरींनाही पाळी येतेच की, पास्टर," नर्स ओझेला शांतपणे म्हणाली.

केतुराहच्या मूत्रपिंडांना सूज होती. त्यावरचं औषध तिला वाचवणार होतं, पण पोटात बाळ असलं, तर तेच औषध त्याला अपंग करू शकत होतं. आजवर दवाखान्यातल्या डॉक्टर हॅडली घराणं बघून ठरवायच्या, दिवस गेलेत का याची तपासणी कुणाची करायची आणि कुणाला तपासणीशिवाय औषध देऊन सोडायचं. अशीच सोडून दिलेली एक चांगल्या घरची मुलगी पुढे बाळ घेऊन आली. बाळाला एक कान नव्हता.

त्या दिवसापासून ओझेलानं एका नियमासाठी नेट लावला होता. पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीची औषधाआधी तपासणी. निकाल आधी मुलीला एकटीला. आईबाप दाराबाहेर.

"बाहेर? मी बाप आहे तिचा!"

"मग बापासारखे बाहेर बसा."

रविवारी पास्टरांचा आवाज बोलता बोलता गाण्यात शिरायचा आणि आमचे पाय आपोआप ठेका धरायचे. आज त्या आवाजात सूर नव्हता.

"तुझ्या लेकीवर वेळ आली असती तर कळलं असतं!"

ओझेलाच्या लेकीला, तिर्झाला, फिट यायची. तिचीही गोळी त्याच दिवशी बदलायची होती, म्हणून ती आईबरोबर आली होती; आणि नवी गोळीही पोटातल्या बाळाला तशीच घातक.

"ठरलं तर. आधी माझी लेक, मग तुमची."

डॉक्टर हॅडली हसल्या. "तिर्झाला कशाला? तिला मी लहानपणापासून ओळखते."

"तुम्ही सगळ्यांनाच ओळखता, डॉक्टर. तेच तर थांबवायचंय."

"मम्मा, सगळ्यांसमोर काय गं!" तिर्झा कुरकुरली.

"दोन मिनिटांचं काम. आईची लाज राख."

तिर्झा आत गेली. पाठोपाठ केतुराह शेजारच्या खोलीत. बाहेर पास्टर आणि ओझेला एकाच बाकावर बसले, मध्ये पास्टरांची हॅट.

थोड्या वेळानं केतुराहचं दार उघडलं. "डॅडी, आजच औषध सुरू करतायत!"

"बघितलंस, सिस्टर?" पास्टर उठले. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून जरा घुटमळले. "पण कुणी तिचा अपमान केला नाही, हेही खरं. रविवारी मी स्वतः सांगेन, सगळ्यांनी आपल्या लेकी पाठवा म्हणून."

ओझेलाचे डोळे भरले. एवढ्याचसाठी तर ती झगडत होती.

"प्रभूची कृपा!" ती उठली. "चला, आता माझ्या बयेला शाळेत सोडते."

तिनं दारावर टकटक केली. डॉक्टर हॅडली बाहेर आल्या आणि त्यांनी दार मागे घट्ट ओढून घेतलं.

"ओझेला," त्या हळूच म्हणाल्या, "नियम तुझाच आहे. तू बाहेरच बस."

ओझेला बाहेरच बसली. मंडळी, आज प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा आमच्या तिर्झाची आठवण ठेवा.