स्क्रीनभर अक्षरं

“पप्पा, तुमले नीट दिखस ना?”

विचारलं एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती. मंगळवारी शाळेची गाडी पुलाच्या कठड्याला घासली, तेव्हापासून गाडीतल्या अठराही पोरींच्या मनात हेच होतं. पण गाडी चालवणाऱ्या भाईदासला विचारणार कोण? त्याचीच पोरगी, रूपाली.

“माले? कोरीट फाटावरनी बस आठे बशीसन दिखस!” भाईदास हसला.

रूपालीचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच मोबाइल पुढे धरला. शाळेच्या वेबसाइटचं एक पान तयार करायचं काम तिच्याकडे आलं होतं. अक्षर बारीक की ठळक, राखाडी की काळं, दोन ओळींत अंतर किती, सगळं तीच ठरवणार! सरांनी एवढंच बजावलं होतं: घरच्या मोठ्यांना वाचायला दे; अडखळले तर अक्षर बदल.

फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांवर माय, कौसाबाई, पहिल्याच शब्दाला अडखळली. भाईदासने मात्र धडाधडा वाचलं, “शाळा सोमवारपासून सकाळी सात वाजता भरेल.”

रूपाली हरखली. मग थबकली. हीच ओळ तिने काल जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

तिने ओळ पुसली. एकच शब्द लिहिला. स्क्रीनभर, पांढऱ्यावर काळाकुट्ट: थांबा.

“आते वाचा.”

“शाळा सोमवारपासून…”

कौसाबाईने झटकन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रोज सकाळी माय गाडीत पप्पांच्या शेजारी बसून शाळेपर्यंत येई. ‘नवी नवरी निघनी!’ म्हणून पोरी मागून चिडवायच्या. रूपालीही खिदळायची.

“कितला दिन व्हयनात, माय?”

“चार महिना. मी सांगस ना त्यासले. डावं, उजवं, बैल, माणूस. मी ऱ्हास ना जोडे.”

“आणि मंगळवारी?”

“मन्हा डोळा लागी गया व्हता.”

रूपाली पाय न वाजवता उठली आणि दाराशी गेली.

“गाडी बंद व्हयनी ते तुन्ही शाळाबी बंद,” भाईदास तिच्या रिकाम्या जागेला समजावत होता.

दारातून ती बोलली. शाळेत भाषणाला उभी राहिल्यावर बोलते तसं, स्वच्छ, एकेक शब्द सुटा.

“उद्या सकाळी मी गाडीपुढे उभी राहणार आहे, पप्पा. कुठे उभी आहे, ते माय सांगेल तुम्हाला.”