झिपरीचं पथ्य

"पूर्ण फिकं?" शालीकरामने तिसऱ्यांदा विचारलं.

"पूर्ण फिकं," डॉक्टर दिव्या म्हणाली. "मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. मांजराला लसूण म्हणजे विष. मासोळी उकडायची, काटे काढायचे, डोकं फेकून द्यायचं."

"डोकंही?" शालीकरामचा आवाज बारीक झाला.

तालुक्याच्या ठिकाणी, गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर क्वचितच येतं. बाहेर रांगेत दोन म्हशी आणि बकऱ्यांचा घोळका होता, आणि टोपलीतलं मांजर बघून त्यांचे मालक खुसुखुसू हसत होते. शालीकरामला मात्र हसू येत नव्हतं. त्याची झिपरी पार उतरली होती. केस खरखरीत, डोळे निस्तेज. दूध-भाताला तोंड लावेना, आणि दिवसभर बसून झाडू चावायची.

"मांजराला माळ घालता येत नाही, काका," दिव्या म्हणाली. "नुसत्या दूध-भातावर तिचे डोळे जातील. एखाद दिवशी हृदयही बंद पडेल."

सगळं घोडं त्या माळेपाशीच अडलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहात शालीकरामच्या बायकोने, सुमित्राबाईने, तुळशीची माळ घातली आणि घरातून मासोळी गेली. त्या दिवशी भर मंडपात शालीकरामलाही भरतं आलं. त्याने बायकोच्या माळेवर हात ठेवून जाहीर केलं, "तू सोडलं, तर मीही सोडलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा टिंकू नागपूरला नोकरीला, त्यामुळे घरात मासोळीचा आग्रह करणारंही कुणी उरलं नाही. मांजराला तर कुणी विचारलंच नव्हतं.

"मॅडम, हे सारं चिठ्ठीवर लिहून द्या," शालीकराम म्हणाला. "घरी माझं कोण ऐकते? अन् मासोळी जराशी जास्त लिहा. लय भुक्कड हाये झिपरी."

दिव्याने हसून लिहून दिलं.

सुमित्राबाईने चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. झिपरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग अंगणात भिंतीच्या कडेला तीन विटांची वेगळी चूल मांडली. मासोळी तिथे शिजायची, आणि शिजवून झालं की सुमित्राबाई आंघोळ करून मगच घरात पाय ठेवायची. वाटी गोठ्यामागे नेण्याचं काम शालीकरामने आपण होऊन अंगावर घेतलं. झिपरी लोकांसमोर खात नाही, लाजते, असं त्याचं म्हणणं होतं.

दर पंधरा दिवसांनी तो टोपली घेऊन दाखवायला यायचा. झिपरी भराभर सुधारली. अंगावर चकाकी आली, वजन वाढलं, झाडू सुटला.

"वाटी चाटूनपुसून साफ होते, मॅडम," तो सांगायचा. आणि निघताना हटकून विचारायचा, "आता तरी चिमूटभर मीठ?"

"नाही, काका."

बिचारा तोंड पाडून निघून जायचा. मांजरावर इतका जीव असलेला माणूस दिव्याने पाहिला नव्हता. तिला त्याचं फार कौतुक वाटायचं.

दोन महिने झाले. एका मंगळवारी सुमित्राबाई एसटीतून उतरून एकटीच दवाखान्यात आली. हातात टोपली नव्हती. गळ्यात माळ, मुठीत ती जुनी चिठ्ठी, चेहरा गंभीर.

दिव्याला वाटलं, आता ही बाई मासोळी बंद करणार, आणि पुन्हा तो दूध-भात, पुन्हा तो झाडू. तिने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली.

"हे तुमीच लिहिलं ना?" सुमित्राबाईने चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"हो. आणि काकू, हे थांबवता येणार नाही. बरी झाली तरी मांजराला हे जन्मभर लागतं."

"थांबवाचं कोण म्हणते? अजून लिहून द्या."

"अजून काय?"

"मीठ लिहा. लाल मिरची लिहा. लसण लिहा. अन् चिंचेचा कोळ."

दिव्या खुर्चीतून उठलीच. "काकू, लसूण तिच्यासाठी विष आहे! आजारी पडेल ती!"

"तिले कायले देऊ? तिचं फिकं मी पहिलेच काढून ठेवतो. मागच्या खिडकीत बसून आरामात खाते ते. लाजत-गिजत काही नाही."

"मग गोठ्यामागे जी वाटी जाते, ती..."

"तीच तर फिकी होऊन राहिली ना बाई, दोन महिन्यांपासून!" सुमित्राबाई कळवळून म्हणाली. "मी माझ्या मनानं मीठ टाकलं, तर त्याहीले समजन का मले समजलं. मग लाजेनं हात नाही लावाचे. तुमच्या चिठ्ठीत असलं, म्हणजे कोणालेच काही समजलं नाही."

दिव्या हळूच खाली बसली. तिने पेन उघडलं.

"अन् ते डोकं फेकाचं लिहिलं ना, ते पहिले खोडा," सुमित्राबाईने कागदावर बोट ठेवलं. "टिंकूच्या बाबाले डोकं चोखाले लय आवडते."