दारातलं बांडगूळ

मोहर यायच्या आधी आंब्यावरची बांडगुळं काढायची, ही बागेतली रीतच. रघुवीरने कोयतीने दारातल्या कलमावरचं बांडगूळ खाली पाडलं आणि मोठ्या कौतुकाने बहिणीला हाक मारली.

नवऱ्याचं घर कायमचं सोडून आलेली वत्सू धावत आली आणि मटकन खाली बसली. पानांवर पिवळसर अळ्या वळवळत होत्या. हळदीकुंकू फुलपाखराच्या, बांडगुळावरच जगणाऱ्या. रोज सकाळी ती ओट्यावरून त्यांनाच बघत बसायची, हे त्याला आत्ता आठवलं.

"आधी सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"बरं केलंस, दादा. झाडाने तरी किती दिवस पोसायचं?"

रघुवीरची कानशिलं तापली. 'किती दिवस पोसायचं हिला?' काल स्वयंपाकघरात बायकोला तो दबक्या आवाजात असंच म्हणाला होता.

वत्सू अळ्यांसकट पानं ओढणीत गोळा करत होती. "मागच्या रायवळ आंब्यावर अजून बांडगूळ आहे. तिथे सोडशील?"

शिडी लावून तो चढला. एकेक पान जपून बांडगुळात खोवलं. काम कधीच संपलं, तरी त्याचा पाय खाली उतरेना.

शिडी वत्सूनेच धरली होती.