सरुबाईचा केर

सरुबाई दारात आडवी उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला, दोन्ही पाय दारातल्या गोणपाटावर घट्ट रोवलेले. समोर गल्लीत मंडळाच्या चार बायका उभ्या. कुणाच्या हातात केरसुणी, कुणाच्या हातात बादली, कुणाकडे भांडी घासायला चिंच आणि राख.

संक्रांतीआधी एकट्या राहणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांची घरं झाडून-पुसून द्यायची, हा हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या महिला मंडळाचा नेम होता. पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा घ्यायचा नाही. मंडळाच्या प्रमुख सत्यवतीबाई. त्यांनी पदर खोचला की त्यांना नाही म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. सकाळपासून तीन घरं झाली होती. चौथ्या घरी ही एवढीशी म्हातारी म्हणत होती की आत केरसुणी येणार नाही.

आणि घर तर बघण्यासारखं होतं. सुलतान बाजारातल्या एका दुकानाला शेंगा फोडून द्यायच्या, यावर सरुबाईचं पोट. खाटेखाली, चुलीपाशी, देव्हाऱ्यापर्यंत फोलपटंच फोलपटं. सगळ्यांत धाकटी जयवंता तोंडाला पदर लावून हसली. सत्यवतीबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"पाया पडते, बाई," सरुबाई म्हणाली. "दौलत गाडीत बसल्यापास्नं केरसुणीला हात लावला न्हाई म्या. त्याचं पोचल्याचं पत्र येऊंद्या, मग काढा केर."

दौलत तिचा एकुलता एक मुलगा, सरकारी कचेरीत शिपाई. हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या, कचेऱ्यांच्याही झाल्या, आणि दौलत औरंगाबादच्या वाट्याला गेला. पंधरा दिवसांपूर्वी इथल्याच स्टेशनवरून त्याची गाडी सुटली होती. गावाला निघालेल्या माणसाच्या पाठीमागे केर काढू नये, हे सत्यवतीबाईंना काय सांगायला हवं? त्या स्वतः पाळत. पण ते तासाभराचं, फार तर गाडी सुटेपर्यंतचं. त्यांनी तसं समजावूनही पाहिलं.

"ते बाजारात गेलेल्याचं, बाई. ह्यो दुसऱ्या राज्यात गेलाय."

अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत औरंगाबाद आपल्याच राज्यात होतं. नव्या राज्याला गेलेल्या माणसाचा केर किती दिवस ठेवायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

पण हिशेब चौघींच्याही मनात झाला. गाडीला एक दिवस, पत्राला फार तर तीन. इथे पंधरा झाले होते. सरुबाई दौलत गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज भर दुपारी खोलीला कुलूप लावून पोस्टात जात होती. खिडकीतला बाबू रोज एकच सांगे, "आया तो घरकूच लाके देतें, अम्मा." ती तशीच गुडघे धरत परत येई आणि गोणपाटावर बसून शेंगा फोडायला लागे. या केरात म्हातारीचा जीव अडकलाय, हे सत्यवतीबाईंना कळलं. तो उंबऱ्याबाहेर कसा फेकायचा?

त्यांनी आपली केरसुणी गल्लीतल्या भिंतीला टेकवून ठेवली. बाकीच्यांनाही ठेवायला लावली.

"मावशी, केर काढणं म्हणजे केरसुणी लावणं आणि केर बाहेर टाकणं. आम्ही दोन्ही करत नाही. मग तर झालं?"

सरुबाईने बराच विचार केला. मग चौकटीवरचा एक हात काढून त्यांना आत घेतलं. ती स्वतः मात्र गोणपाटावरून हलली नाही. एकही फोलपट बाहेर जाता कामा नये, यासाठी तिचा पहारा होता.

चौघी उकिडव्या बसल्या आणि मुठीमुठीने फोलपटं पोत्यांत भरू लागल्या. पोती बाहेर न्यायची नाहीत म्हणून कोपऱ्यात रचली. एकीने जळमटं फडक्यात गुंडाळून घेतली, एकीने भांडी लख्ख केली. सत्यवतीबाईंनी गुडघ्यांवर बसून सगळी शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसली. उठल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यात तीन फोलपटं अडकली होती. आता तीही पोत्यात टाकायची का, असं जयवंताने विचारलं, आणि सरुबाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मग सगळ्याच हसल्या.

आता फक्त गोणपाट राहिलं. जयवंता ते झटकायला म्हणून वाकली आणि मावशीला पाय उचलायला सांगितलं. सरुबाई नाइलाजाने बाजूला सरकली. गोणपाट उचललं आणि खाली एक पोस्टकार्ड होतं. दुमडलेलं, मळलेलं, शाई जरा पसरलेली. शिक्का औरंगाबादचा.

मग सगळा उलगडा झाला. पोस्टमन गल्लीत यायचा दुपारी. दाराला कुलूप दिसलं की कार्ड दाराखालच्या फटीतून आत सारायचा, ते थेट गोणपाटाखाली. आणि दुपारी सरुबाई त्याची चौकशी करायला पोस्टात. बारा दिवस ती मुलाच्या पत्रावर बसून मुलाच्या पत्राची वाट बघत होती.

सत्यवतीबाईंचा चष्मा घरी राहिला होता. बाकी दोघींना वाचता येत नव्हतं, आणि जयवंताची सगळी शाळा उर्दूत झालेली. तरी तीच पुढे झाली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. आईस साष्टांग नमस्कार. मी सुखरूप पोचलो. खोली मिळाली. पाडव्याला तुला न्यायला येतो.

सरुबाई दारातच खाली बसली. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सत्यवतीबाईंनी फरशी पुसलेल्या मळक्या हातांनी डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

"थांबा," जयवंता म्हणाली. "खाली कोपऱ्यात आणखी काहीतरी लिहिलंय." तिने कार्ड उजेडात धरलं आणि हळूहळू वाचलं.

"आई, आता केर काढ."