कोचचे कान

"कोच, तुम्ही पिचरकडे पाठ करून उभे राहता ना, तेव्हा मध्येच डुलकी लागत नाही का?"

हे विचारायची पैज रेन आणि ओडेसा या मैत्रिणींनी लावली होती. ब्रिटा हाल्वोरसननं ते अख्ख्या जिमसमोर विचारून टाकलं. बास्केटबॉलच्या रिंगखाली बसलेल्या दोघींनी तोंडावर हात दाबले. गेल्या वर्षी ब्रिटाच्या तोंडून शब्द फुटला नसता. पण यंदा ती शाळेच्या मुलांच्या बेसबॉल संघात होती, पायांना पॅड बांधून, हातात मिट हा जाड हातमोजा घालून, पिचरनं टाकलेला बॉल पकडायला कॅचरच्या जागेवर उकिडवी बसली होती. यंदा ती कुणालाच घाबरत नव्हती. कोचनाही नाही. तसे ते तिचे डॅडच होते, पण जिममध्ये ते फक्त कोच.

कोचनी मान वळवली नाही.

"लागली तर तुझ्या भावाच्या बॉलनं जाग येते," ते म्हणाले. "पोरं थापा मारतात. हात दुखत असला तरी मस्त आहे म्हणतात. मिटमधला आवाज थापा मारत नाही. चला, पुढचा."

बाहेर मैदानावर अजून बर्फ होता आणि पहिला सामना तोंडावर आला होता. सामना सुरू करणारे पिचर ठरले होते. काळजी होती ती बुलपेनची, म्हणजे पहिला पिचर थकला की मागून आणायच्या पोरांची. गेल्या वर्षी जिंकत आलेले सामने शेवटच्या डावात हातचे गेले. कॅफेतले म्हातारे अजून कोचना कॉफी सुखानं पिऊ देत नव्हते. म्हणून शेवटचा डाव कुणाचा, हे आजच ठरणार होतं. वेग मोजायचं यंत्र कपाटात पडून होतं. कोच कानांनी ठरवायचे. त्यांचे वडीलही तसेच ठरवायचे.

अमॉसनं टाकला. थप्.

थॅडनं टाकला. थप्.

मग नेल्स, ब्रिटाचा भाऊ. फटाक् असा आवाज झाला, भिंतींवर आपटून परत आला. कोचनी पाठमोरंच बोट वर केलं.

अमॉसच्या बॉलनं ब्रिटाच्या तळहाताला झिणझिण्या आल्या होत्या. नेल्सचा बॉल उशीसारखा येऊन पडत होता.

आवाज तिचा होता. अंगठा आणि बोटांच्या मधल्या खोबणीत बॉल घ्यायचा, आणि तो पोचतो त्याच क्षणी मिट जरासं पुढे न्यायचं. मग हळू बॉलही फुटल्यासारखा वाजतो. हिवाळाभर गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारून मारून तिनं ते जमवलं होतं. आणि त्याच हिवाळ्यात नेल्स गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना कोपरावर पडला. त्यानं एकट्या ब्रिटाला सांगितलं. "सामने सुरू होईपर्यंत बरा होतो मी. तोवर तू आवाज काढ, बाकी काही नको." तेव्हा तिला भारी वाटलं होतं. दोघांचं गुपित, आणि तिच्या आवाजावर सगळ्या माना वळणार.

आता तिला एका जागी बसवत नव्हतं. ती टाचांवर मागेपुढे होत राहिली. नेल्सचा पुढचा बॉल तिनं सरळ तळव्यात घेतला. थप्. कोचचं बोट खाली आलं.

नेल्स तरातरा तिच्याजवळ आला. "काय चाललंय तुझं?"

"बॉल पकडतेय."

"नीट पकड ना मग, बाई."

"तू नीट टाक ना मग."

तो परत गेला आणि जीव खाऊन टाकला. या खेपेला बॉल खरंच सणसणत आला. पण टाकून झाल्यावर नेल्स भिंतीकडे वळला, डाव्या हातानं कोपर धरलं, आणि बराच वेळ वळलाच नाही. मग वळून त्यानं तसाच जोर लावायला पुन्हा पाय रोवला. ब्रिटानं मान हलवली. नको. तिनं मिट उघडं धरलं, खोबण त्याला दाखवली. त्याला कळलं. त्यानं हलकेच टाकला, आणि तिनं तो जिम दणाणेल असा वाजवला.

"शेवटचा डाव नेल्सचा," कोच म्हणाले.

पोरांनी नेल्सच्या पाठीवर थापा मारल्या. तो हसला. दात आवळून.

रात्रीच्या जेवणाला ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश होती, वर बटाट्याचा कुरकुरीत थर. डॅड दुसऱ्यांदा वाढून घेत होता. "कॅरिन, तू ऐकायला हवं होतंस. तळ्यावरचा बर्फ तडकतो ना, तसा आवाज. पहिल्या सामन्यापासून उतरवतो याला. दमेपर्यंत टाकू दे."

मॉम नेल्सकडे बघत होती. "काटा डाव्या हातात कधीपासून?"

"सवय करतोय. दोन्ही हातांनी टाकीन म्हणतो."

डॅड खो खो हसला. नेल्सही हसला. त्याचा उजवा हात टेबलाखाली मांडीवर पडला होता. ब्रिटाच्या शेजारीच, म्हणून तिला दिसत होता. बोटं नीट मिटतही नव्हती. सगळ्या गावात बॉल असा वाजवणं फक्त तिला येतं, आणि हे ती कुणालाच सांगू शकली नव्हती, याचंही तिला मधूनच वाईट वाटत होतं. तिनं काटा खाली ठेवला.

"मॉम, डॅड, मी एक ठरवलंय."

नेल्सनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनं आपला पाय काढून घेतला.

"उद्यापासून मी नेल्ससमोर मिट घालून बसणार नाही. त्याचा बॉल तू पकडायचास, डॅड."

डॅडचा घास हातातच राहिला. "का गं? हात दुखतोय?"

"माझा नाही."